रोसेंदाची ओळ

अबुंदियो योकुपिसियोची बोटे इतकी जाड होती, की लग्नातली अंगठी त्याच्या बोटात गेलीच नाही. पाद्री अडखळला, पाहुणे खिदळले, आणि रोसेंदाने ती अंगठी शांतपणे स्वतःच्या गळ्यातल्या साखळीत ओवून टाकली. "बरं झालं," ती म्हणाली, "नाहीतरी तू ती पाटात हरवली असतीस." तेव्हापासून ती अंगठी तिच्याच गळ्यात होती.

त्या बोटांना फावडे शोभायचे. याकी खोऱ्यातल्या गव्हाच्या संशोधन केंद्रात अबुंदियो पाणी द्यायचा. कालव्याचे दार उचलायचे, पाटातले पाणी सरीत घालायचे, सरी भरली की पुढची फोडायची, यात त्याचा जन्म गेला. त्याच केंद्रात, त्याच पाण्यावर वाढलेल्या गव्हाची रोसेंदा लग्ने लावायची. लग्ने हा तिचाच शब्द. इंजिनिअर लोक संकर म्हणत.

काम सांगायला सोपे आणि करायला जिकिरीचे. गव्हाच्या फुलात नर आणि मादी एकाच घरात राहतात आणि फूल उमलायच्या आतच आपले आपण उरकून घेतात. त्यामुळे दोन वेगळ्या गव्हांची सोयरीक जुळवायची, तर आधी आई ठरवलेल्या ओंबीतला नर काढून टाकावा लागतो. ओंबी कोवळी असतानाच एकेका फुलाचे टोक कात्रीने छाटायचे, चिमटा आत घालायचा, आणि नखाच्या कोरीएवढे तीन हिरवे पुंकेसर अलगद उचलायचे. फुलाला धक्का लागता कामा नये. मग ओंबीवर कागदी पिशवी चढवायची. दोन-तीन दिवसांनी, सकाळचे ऊन तापू लागले की बाप ठरवलेल्या गव्हाची पिवळी झालेली ओंबी आणायची, पिशवीत उलटी धरायची आणि फिरवायची. पराग पडतो, दाणा धरतो. अशा दाण्यांतूनच पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते बुटके, जाड काडीचे गहू निघाले होते, जे भरल्या ओंबीच्या वजनानेही आडवे पडत नाहीत आणि ज्यांच्यामुळे खोऱ्यातली कोठारे ओसंडून वाहिली.

पण चिमट्यातून एक जरी पुंकेसर निसटून आत राहिला, की सगळे फसले. आई स्वतःचाच दाणा धरते. वरून कळत नाही. पिशवी उघडली की दाणे दिसतात, सगळे खूश होतात. खरे-खोटे कळते ते पुढच्या वर्षी, त्या दाण्यांची ओळ ओंबीवर आली की.

त्या दिवसाला केंद्रात 'तोंड बघायचा दिवस' म्हणत. सगळ्या बायका बांधावरून रांगेने चालत, आणि बाळंतिणीच्या घरी जाऊन बोलावे तसे बोलत.

"अगं बाई, उंची बापाची, रंग आईचा!"

"हिच्या मिशा बघा. बाप टक्कल पडलेला होता ना? मग या मिशा कुणाच्या?"

"बाप त्या दिवशी घरीच नव्हता वाटतं!"

मिशा म्हणजे ओंबीची कुसळे. काही गव्हांना असतात, काहींना नसतात, आणि कोण कुणावर गेले ते सांगायला त्यांच्याइतकी चांगली खूण नाही. एखादी ओळ जशीच्या तशी आईवर गेलेली निघाली, की हसण्याचा पूर यायचा. रोसेंदा मात्र हसायची नाही. ती सरळ ओळीत शिरायची आणि रोपे उपटायला लागायची.

"कोमाद्रे, जरा दम धर की," ओतिलिया एकदा कळवळून म्हणाली होती. ती ओळ ओतिलियाची होती. रोसेंदाच्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला मूल ओतिलियाने हातात धरले होते, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, अबुंदियोला ओतिलिया कोंपाद्रे म्हणायची, आणि दोघी सख्ख्या बहिणींसारख्या भांडायच्या. "माझ्या देखत तरी उपटू नकोस."

"तुझ्या देखतच उपटणार. ही पोर नव्हे, आईच परत जन्माला आलीय. उभी ठेवली तर लोक हिलाच संकर समजून हिच्यामागं चार वर्षं घालवतील."

"एक चुकलं तर एवढं?"

"चुकलं त्याचं काही नाही गं. चुकलेलं उभं ठेवायचं नाही."

ओतिलियाने त्यानंतर आठवडाभर तिच्याशी अबोला धरला, आणि मग न राहवून तिच्याच दारात कॉफी प्यायला येऊन बसली. रोसेंदाच्या स्वतःच्या ओळीत आईवर गेलेले रोप कधी कुणी पाहिले नव्हते. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नव्हती.

केंद्रात आणखी एक रीत होती. संकराचा हंगाम संपायच्या शेवटच्या दिवसांत प्रत्येक बाईला एक पिशवी मर्जीची मिळायची. हव्या त्या दोन गव्हांचे लग्न लाव, दाणे धरले तर पुढच्या वर्षी कालव्याच्या कडेला तुझी एक ओळ. ओतिलियाने एका वर्षी सगळ्यांत उंच गहू आणि सगळ्यांत ठेंगू गहू एकत्र करून त्या ओळीला केंद्राच्या मोठ्या साहेबांचे आणि त्यांच्या बायकोचे नाव दिले होते. साहेब हसले. बाईसाहेब हसल्या नाहीत. अशा ओळींतून सहसा काही निघत नसे, पण मजा यायची. फक्त रोसेंदाने आपली मर्जीची पिशवी कधी घेतली नव्हती. "मला खेळायला वेळ नाही," म्हणायची.

शेवटच्या वर्षी मात्र तिने ती मागून घेतली.

रोसेंदा मूळची डोंगरातल्या तेपुपाची. ती लहान असताना नदीवर धरण झाले आणि तेपुपा घरादारांसकट, देवळासकट पाण्याखाली गेले. बाकीच्यांनी गाड्यांवर पलंग आणि कोंबड्या चढवल्या. तिच्या बापाने आधी गव्हाची गोणी चढवली. खालच्या खोऱ्यात आल्यावर त्याला जमीन मिळाली नाही, मजुरी मिळाली. तरी भाड्याच्या घराच्या अंगणात तो दरवर्षी तो गहू चार हात जागेत पेरायचा, म्हणजे बियाणे जिवंत राहील. बापामागे रोसेंदाने ते व्रत चालवले. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून तो गहू माणसाच्या खांद्याएवढा वाढायचा, बिनमिशांचा, तांबूस ओंब्यांचा, आणि जरा वारा आला की लोळण घ्यायचा. ती त्याला दोरी बांधून ठेवायची.

"काय गं, तुझ्या बापाचा गहू आजही पिऊन पडलाय," असे इंजिनिअर लिसारागा तिला चिडवायचे. ते तिच्याहून वयाने लहान होते आणि तिच्या हातची पोळी खायला रविवारी मुद्दाम यायचे.

"पितो, पण जेवायला घालतो," ती म्हणायची. "तुमचे ते शहाणे गहू ताठ उभे असतात, आणि पीठ मळलं की रबर."

तिकडे गव्हाची तोर्तिया आपल्या मांड्यासारखी करतात. मऊ कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या लोखंडी कढईवर टाकायचा. रोसेंदा म्हणायची, तेपुपाच्या पिठाची पोळी अशी पसरते की पलीकडून माणूस ओळखता येतो. आणि चव तर सांगून कळायची नाही. तिच्या मनात एकच होते: बापाचे पीठ त्या बुटक्या, भरघोस ओंबीच्या गव्हात उतरवायचे. आडवा न पडणारा तेपुपाचा गहू. मग तो अंगणातून शेतात जाईल, लोक पेरतील, आणि कुणाला दोरी बांधून जपावा लागणार नाही. पहिल्या पिढीत काही होत नाही, दुसऱ्या पिढीत गुणांची वाटणी होते, मग निवडत निवडत जायचे, हे तिला पक्के ठाऊक होते. आपण असेपर्यंत ते पुरे होणार नाही, हेही.

लिसारागांनी मागे तिला म्हटले होते, "मूठभर बी दे, आमच्या थंड खोलीत ठेवतो. कधी कामाला येईल."

"ते काय मासे आहेत थंड ठेवायला? पुढच्या वर्षी बघू."

पुढचे वर्ष दरवर्षी पुढे जात राहिले. दुसरे कुणी तेपुपाकर तो गहू आता पेरत नव्हते. कुणी शहरात गेले होते, कुणी सरहद्दीपलीकडे, रोसेंदाचे दोन्ही मुलगेही तिकडेच. जगात तो गहू होता तो तिच्या अंगणात आणि पलंगाखालच्या त्या अर्ध्या गोणीत.

तिला साखरेचा आजार होता, तो खोऱ्यात कुणाला नाही? तिने त्याला भीक घातली नाही. पण त्या वर्षी अबुंदियोच्या जेवणात खडा आला. घेवडा रोसेंदा निवडायची, आणि तीस वर्षांत तिने वाढलेल्या ताटात कधी खडा आला नव्हता. तो चावता चावता थांबला. तिच्याकडे पाहिले, तर ती ताटाकडे पाहत होती, पण ताटाच्या थोडी बाजूला. त्याने खडा जिभेखाली ठेवला आणि अंगणात जाऊन थुंकला. बोलला काहीच नाही. मग दुसऱ्या आठवड्यात बसथांब्यावर ती सहज विचारल्यासारखे म्हणाली, "म्हाताऱ्या, ही आपलीच ना रे?" बसवर नाव चांगले हातभर अक्षरांत लिहिलेले होते. "आपलीच," तो म्हणाला, आणि तिचा दंड धरून तिला चढवले.

बोलायला हवे होते. पण ती चिमटा धरून बसली की राणीसारखी दिसायची, आणि तिचे राज्य तिच्याकडून काढून घ्यायचे त्याच्या जिवावर आले.

मार्चमध्ये तिने मर्जीच्या पिशवीची ओंबी तयार केली. आई केंद्रातला एक बुटका, मिशांचा गहू; बाप म्हणून तेपुपाच्या गव्हाची चार रोपे तिने कालव्याच्या कडेला वाढवली होती, अंगणात मात्र त्या वर्षी तिच्याच्याने पेरणे झाले नव्हते. अबुंदियो पलीकडच्या सरीत पाणी वळवत होता. त्याला दिसले, की ती ओंबी नाकाला लागेल इतकी जवळ धरून बसली आहे, आणि एका फुलापाशी पुन्हा पुन्हा चिमटा नेते आहे. बाकीच्या बायका केव्हाच सावलीला गेल्या होत्या. तिने त्याच्याकडे न बघताच हाक मारली, "पाणी नीट दे रे. माझ्या बापाच्या घरावरचं पाणी आहे ते, वाया घालवू नकोस." हा तिचा जुना टोमणा. कालव्यात येणारे पाणी त्याच नदीचे, त्याच धरणातून सुटलेले. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो ओशाळला होता. आता ऐकल्याशिवाय त्याला करमत नसे.

दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशीच कोसळली.

शहरातल्या दवाखान्यात तिला सुया टोचल्या, नळ्या लावल्या. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न पिशवीचा. "उद्या तिसरा दिवस. बाप फिरवायला हवा."

"ओतिलियाला सांगतो."

"मुळीच नाही." तिने त्याचे मनगट पकडले. हाताला जोर नव्हता, तरी पकडले. "ती आधी पिशवी उघडून बघेल. मी किती आत ठेवलेत ते मोजेल."

"तू कधी आत ठेवलेत?"

तिने तोंड खिडकीकडे वळवले. "तू कर. इतकी वर्षं बघतोयस. दहाच्या सुमारास जा. बापाची पिवळी झालेली ओंबी घे, उलटी धर, फिरव. उशीर करू नकोस. ऊन चढलं, वारा सुटला की पराग उडून जातो, नुसत्या टरफलांना काही धरत नाही."

"या बोटांनी?"

"बोटांचं काम नाही त्यात. पळी फिरवता येते ना?"

सकाळी तो निघायच्या बेतात असताना नर्स आली. घरच्या माणसाने थांबावे, डॉक्टरांना बोलायचे आहे. तो टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला. डॉक्टर आले तेव्हा खिडकीतले ऊन जमिनीवरून पार सरकून गेले होते. डोळे तर गेलेच आहेत, मूत्रपिंडेही गेली आहेत, असे ते हळू आवाजात म्हणाले. तरुण माणूस होता, त्यालाही बोलायला जड जात होते. अबुंदियोने मान डोलावली, आभार मानले आणि बस पकडली. बसमध्ये आपण रडतो आहोत हे त्याला शेजारच्या बाईने हातात रुमाल दिला तेव्हा कळले.

केंद्रात पोहोचला तेव्हा जेवणाची शिट्टी होऊन गेली होती. गरम वारा सुटला होता. कालव्याच्या कडेची बापाची चार रोपे वाऱ्याने लोळत होती. त्याने एक ओंबी तोडली. पुंकेसर बाहेर लोंबत होते, पण पांढरट आणि कोरडे. पिवळे हवे होते ना? त्याला नक्की आठवेना. त्याच्या कानात डॉक्टर बोलत होते. त्याने पिशवीचे तोंड उघडले, ओंबी उलटी धरून फिरवली, पळी फिरवावी तशी. थोडी धूळ उडाली. त्याला ती परागाची वाटली.

संध्याकाळी तिने विचारले, "दहाला?"

"दहाला."

"पिवळी होती?"

"मक्याच्या पिठासारखी."

तिने डोळे मिटले. तिला बरे वाटले हे पाहून त्यालाही बरे वाटले, आणि त्या क्षणी त्याला ते खोटे वाटलेही नाही.

दोनेक आठवड्यांनी तिला घरी आणले. आता करण्यासारखे काही नव्हते. अबुंदियो त्याच दिवशी केंद्रात जाऊन आला. धावतच आला म्हणा ना.

"भरलेत! दाबून पाहिलं. दाणे आहेत आत."

"सगळ्या फुलांत?"

"सगळ्या नाही. निम्म्यात."

"निम्म्यात म्हणजे पुष्कळ." ती उशीवर उठून बसली. मग तिचा चेहरा जरासा उतरला. "म्हाताऱ्या, मी काही आत ठेवले नसतील ना रे?"

"तू? तुझ्या ओळीत कधी निघालंय?"

"नाही निघालं," ती म्हणाली, आणि हसली. "आणि बापाची रोपं?"

"चिमण्यांनी साफ केली. एक दाणा ठेवला नाही."

"करणारच. मिशा नाहीत त्यांना, टोचणार कोण? खाऊ देत. आता पिशवीत आहे सगळं." तिने हात लांबवून पलंगाखाली चाचपले. "मग ती पलंगाखालची गोणी कशाला जपून ठेवायची? दळून आण. मला खावंसं वाटतंय."

"थोडं बियाण्याला ठेवू या ना."

"पेरणार कोण अंगणात? तू? त्या हातांनी? यंदा माझ्याच्यानं पेरलं गेलं नाही, आता पुढं काय पेरणार मी. संकर लागलाय, गहू गेला पुढे. दळ म्हणते ना."

त्याने दळून आणले. पीठ पांढरे आणि रेशमासारखे मऊ होते. ओतिलियाने मागच्या अंगणात मेस्कितेच्या, म्हणजे तिकडच्या बाभळीच्या, लाकडांचा जाळ केला, कणीक मळली, फडक्याखाली झाकून ठेवली, आणि मग गोळा हातांवर घेतला. रोसेंदाला खुर्चीत बसवून अंगणात आणले होते. पोळी कोपरापर्यंत आली, तशी ओतिलियाने ती उन्हासमोर धरली.

"दिसतेय का गं मी पलीकडून?"

"दिसतेस. म्हातारी दिसतेस," रोसेंदा म्हणाली. तिला पोळी दिसत नव्हती आणि ओतिलियाही दिसत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होते.

तिने गरम तुकडा नुसताच खाल्ला, लोणी लावू दिले नाही. सावकाश चावला. "तेपुपा काही पाण्याखाली गेलं नाही अजून," ती म्हणाली. मग दुसरा तुकडा मागितला आणि तो हातात धरून तशीच बसून राहिली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, रस्त्यावरून ढोल वाजत चालले असताना, ती गेली. अंगठी अबुंदियोने तिच्या गळ्यातून काढली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. नऊ दिवस शेजारच्या बायका जपमाळ घेऊन आल्या. उरलेल्या पिठाच्या पोळ्या ओतिलियाने त्यांनाच खाऊ घातल्या. खाणाऱ्या प्रत्येकीने विचारले, हे पीठ कुठले. ओतिलिया सांगायची, रोसेंदाचे.

नोव्हेंबरात अबुंदियोने ते दाणे कालव्याच्या कडेला स्वतःच्या हाताने पेरले. दाणे त्याच्या बोटांत सापडत नव्हते, म्हणून ओतिलिया मागून वाकून नीट बसवत गेली. त्या ओळीला त्याने जेवढे पाणी दिले तेवढे कुणाला दिले नसेल, आणि जास्तही दिले नाही, कारण जास्त पाण्याने मुळे कुजतात. रोज सकाळी आधी तिकडे, मग कामाला. कोवळेपणी सगळी रोपे सारखीच दिसतात, आईवर गेलेली आणि बापावर गेलेली. त्यामुळे हिवाळा त्याला बरा गेला. मुलांचा फोन आला की तो म्हणायचा, "तुमच्या आईची ओळ छान आहे." खरोखरच छान होती. आणि ती बापावर गेली तरच तेपुपाचा गहू जगात उरणार होता, नाही तर कुठेच नव्हता. हे त्याला कुणी सांगायला नको होते.

फेब्रुवारीत शेजारच्या ओळी गुडघ्याच्या वर गेल्या. त्याची ओळ खालीच राहिली. "बापाकडचे लोक उशिरा वाढतात," तो ओतिलियाला म्हणाला. ती काही बोलली नाही. ओतिलिया बोलत नाही म्हटल्यावर त्याला समजायला हवे होते. समजलेही असेल. पण माणूस समजलेले लगेच घरात घेत नाही, आधी दारात उभे करून ठेवतो.

मग ओंब्या बाहेर पडल्या. एका सकाळी तो गेला, तर पहिल्याच रोपाच्या पोटरीतून, पानाच्या वेष्टनातून, कुसळे डोकावत होती. लांब, ताठ, आईची. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही. तो ओळीच्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. एकही बिनमिशांची ओंबी नव्हती, एकही तांबूस नव्हती.

ओतिलिया केव्हा मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळले नाही.

"कोंपाद्रे," ती म्हणाली, "एखाद-दुसरा पुंकेसर राहिला, हे समजू शकते. डोळेच नव्हते तिला. पण मग बाकीच्या फुलांत तरी बाप यायला हवा होता. एक तरी रोप त्याच्यावर जायला हवं होतं. पराग पडलाच नाही. कुणी फिरवली ओंबी?"

"मी."

"तू? किती वाजता?"

तो पाण्याकडे वळला. "जेवणाच्या शिट्टीनंतर."

ओतिलियाने तोंडावर हात ठेवला. "मला का नाही सांगितलंस?"

"तिनं सांगितलं होतं, ओतिलियाला सांगू नकोस. तू पिशवी उघडून बघशील म्हणाली."

"बघितलंच असतं! बघितलं असतं, नि राहिलेलं गुपचूप काढून टाकलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मूर्ख बाई! अगं मूर्ख बाई!" आणि ती बांधावरच बसून हुंदके द्यायला लागली. मग एकदम थांबली. तिच्या डोळ्यांसमोर काय आले ते अबुंदियोला तिच्या हातांकडे पाहून कळले. ती आपले दोन्ही तळवे उघडून बघत होती.

"आणि ते पीठ..." ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

तोंड बघायच्या दिवशी बायका नेहमीसारख्या निघाल्या. सुरुवातीला हसल्या-बोलल्या, कालव्याजवळ आल्या तशा गप्प झाल्या. त्या ओळीपुढे कुणीही काहीही म्हणाले नाही. इतक्या वर्षांत आईवर गेलेल्या ओळीपुढे पहिल्यांदाच कुणी हसले नाही, आणि अबुंदियोला वाटले, यापेक्षा हसल्या असत्या तर बरे. रोसेंदाला हे मुकाट उभे राहणे आवडले नसते.

लिसारागा त्याच्याजवळ आले. डोक्यावरची टोपी त्यांनी काढली होती. "थंड खोलीसाठी मूठभर मागितलं होतं मी तिच्याकडे," ते म्हणाले. "मीच नेट लावून न्यायला हवं होतं." मग ओळीकडे बघत म्हणाले, "राहू दे ही ओळ कापणीपर्यंत. एवढीशी जागा, कुणाचं काय अडतंय?"

"साहेब, तिनं ठेवली असती का?"

लिसारागांनी ओतिलियाकडे पाहिले. ओतिलियाने नकारार्थी मान हलवली.

अबुंदियो ओळीत शिरला. पहिले रोप त्याने बुडापाशी धरले आणि ओढले. कालच पाणी दिलेले, माती मऊ होती, रोप मुळांसकट सहज वर आले. दुसरे आले. त्या जाड बोटांना हे काम छान जमत होते. ओतिलिया मदतीला पुढे झाली, तर त्याने हाताने थांबवले. शेवटचे रोप उपटताना त्याने ओंबी जवळ नेऊन पाहिली, रोसेंदा पाहायची तशी, नाकाला लागेल इतकी जवळ. कुसळे त्याच्या गालाला टोचली. मग तेही त्याने बाकीच्यांवर टाकले.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. त्याने कालव्याचे दार उचलले, पाट भरून आला, आणि एकेक सरी भरत तो कडेपर्यंत पोहोचला. तिथे मोकळी, उकरलेली माती होती. त्याने फावड्याने सरीचे तोंड फोडले. पाणी आत शिरले.

"अबुंदियो!" लांबून लिसारागांनी हाक मारली. "तिकडे काही नाहीये!"

"माहीत आहे," तो म्हणाला.

पाणी हळूहळू पुढे सरकत होते, मुळे उपटलेल्या खड्ड्यांत थांबत, खड्डा भरला की पुढे जात. वाया घालवू नकोस, असे कुणी तरी आता म्हणेल म्हणून तो फावड्यावर हात ठेवून ऐकत राहिला. पाणी ओळीच्या टोकाला लागले, तेव्हा त्याने सरीचे तोंड बुजवले आणि पुढच्या वाफ्याकडे गेला.